दात निखळला तर दुधात ठेवा, अर्ध्या तासात दवाखाना गाठा

गाडी घसरली, बैलाचं शिंग लागलं किंवा कबड्डीत कोपर बसलं की पुढचा दात मुळासकट निखळतो. गडबडीत तो मातीतच राहतो, नाहीतर कागदात गुंडाळून नेला जातो. पण पक्का दात पुन्हा बसवता येतो. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की मरतात, म्हणून पहिली 30 मिनिटे महत्त्वाची.

काय करावे?

- दात पांढऱ्या बाजूने धरून उचला. मुळाला हात लावू नका.
- माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा. घासू नका.
- माणूस शुद्धीत असेल तर दात सरळ जागेवर बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर थंड दुधात टाका, साध्या पाण्यात नको.
- लहान मुलाचा दुधाचा दात परत बसवू नका. आतल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.
- मार लागल्यावर चक्कर, उलटी किंवा बेशुद्धी असेल तर आधी 108 ला फोन करा.

दाढ ठणकते म्हणून हिरडीवर वेदनेची गोळी, तंबाखू किंवा मिश्री ठेवू नका, हिरडी भाजते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या.

जवळच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, रात्री कुठे जायचं, हे आजच विचारून नंबर मोबाईलमध्ये ठेवा.