दागिन्यांचा डबा आणि गुलाबी रिबन

अमरावतीला चार वर्षं इंजिनियरिंग केलं, पण मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला एकदाही गेलो नाही. मागच्या महिन्यात अकोल्याहून मुद्दाम गेलो. कारण विचित्र आहे. नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राउन' (१८३५) ही कथा वाचत होतो आणि सारखं लीळाचरित्र आठवत होतं!

कथा थोडक्यात अशी. ब्राउन एका रात्रीसाठी बायकोला घरी ठेवून जंगलात जातो. बायकोचं नावच मुळी फेथ, म्हणजे श्रद्धा. तिच्या टोपीला गुलाबी रिबन. वाटेत सापासारखी काठी घेतलेला एक माणूस भेटतो, तोच सैतान. पुढे आकाशातून ती रिबन खाली येते आणि ब्राउनचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो, तो कायमचाच.

आता आपल्याकडची गोष्ट. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, म्हणजे पुढचे चक्रधरस्वामी, जुगारात खूप हरतो. देणं फेडायला बायकोकडे, कमळाईसेकडे, दागिने मागतो. ती देत नाही. शेवटी वडील पैसे भरतात, पण याचं मन संसारातून उठतं. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून तो निघतो, बरोबरची माणसं वाटेतून परत पाठवतो आणि एकटाच रिद्धपूरला पोचतो. तिथे गोविंदप्रभू त्याला उष्टं सेंगुळं प्रसाद म्हणून देतात. (आपले शेंगोळे आठवले ना?)

दोन्हीकडे मोह, बायको आणि तिचा एक दागिना. पण इथे सैतान नाहीच. मोह बाहेरून कुणी आणत नाही, फासे स्वतःच्याच हातात असतात. रिबन हरवते म्हणून ब्राउन श्रद्धा गमावतो, आणि दागिने डब्यातच राहतात म्हणून हरिपाळदेवाला वाट सापडते. नकाराचं प्रतीक असं उलटं वापरलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

अर्थात हॉथॉर्नने प्रतीकं रचली, म्हाइंभटाने नाही. मला खरा धक्का बसला तो इथे. म्हाइंभट हा मोठा पंडित, वाद घालायला आला आणि शिष्य झाला. चक्रधरस्वामी गेल्यावर त्याने रिद्धपुरात बसून, गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. साल साधारण १२७८. ज्याला परमेश्वर मानलं त्याची जुगारातली उधारीसुद्धा त्याने लिहून ठेवली. आमच्या प्रोजेक्टमध्ये साधा बग लॉगमधून गायब करायला लोक धडपडतात हो!

मूळ प्रत पुढे हरवली आणि ग्रंथ आठवणींवरून पुन्हा उभा केला गेला. त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ मिळतात, आणि महानुभाव परंपरेत अशा पाठभेदाला शब्द आहे 'वासना'. म्हणजे एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, आणि दोन्ही ठेवायच्या. कुणाची खरी याचा निकाल परस्पर लावायचा नाही.

तिथून परतताना एसटीत एकच गोष्ट डोक्यात होती. इतक्या काळजीने इतक्यांच्या वासना नोंदवल्या, पण कमळाईसेची बाजू सांगणारं त्यात कुणीच नाही. तिने दागिने का दिले नसतील?