लोखंडे यांची पाचवी मागणी

न्हावा-शेवा म्हटले की आज डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या आभाळाला भिडलेल्या याऱ्या आणि एकावर एक रचलेल्या लोखंडी पेट्या. अशा ठिकाणी अपंग माणसाला काम मिळावे काय, आणि काम करता करता जो अपंग होतो त्याचे पुढे काय व्हावे, हा आमचा विषय आहे. त्यासाठी बंदराच्या जन्मापूर्वी शंभर वर्षे मागे, मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. कायद्याचा इतिहास म्हटला की श्रोत्यांना जांभया येतात, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु हा इतिहास हातापायांचा आहे आणि पोटाचाही आहे. आणखी एक खुलासा. सरकारदरबारी आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. आम्ही मात्र जुना 'अपंग' हाच शब्द वापरणार आहोत. शब्द मऊ केल्याने नोकरी मिळत असती तर आम्हीही तो आनंदाने बदलला असता.

१८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्या भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे अनुयायी आणि 'दीनबंधु'चे संपादक. गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली असल्याने आतला कारभार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी सरकारने नेमलेल्या आयोगापुढे जो अर्ज गेला, त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, या चार बहुतेकांना माहीत असतात. रविवारची सुटी तर लोखंड्यांच्या नावानेच ओळखली जाते. पाचवी मागणी मात्र विस्मरणात गेली. ती अशी की, गिरणीत काम करताना कामगारास इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी.

'चरितार्थाची तजवीज' या शब्दांपाशी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. लोखंडे यांनी तुटलेल्या हाताची किंमत मागितली नव्हती. माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा विचार करा, असे म्हटले होते. पैसे देऊन माणूस वाटेला लावणे निराळे, आणि त्याच्या पोटाची जबाबदारी घेणे निराळे.

सरकारला या मागणीचा विचार करून कायदा करावयास एकोणचाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. ना. म. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडीत होते, तो हा काळ. कायदा उपकारक होता यात शंका नाही. अपघातात मालकाची चूक होती हे सिद्ध करण्याचे कामगाराच्या डोक्यावरचे ओझे त्याने उतरविले. पण त्याची रीत पाहा. कायद्याला जोडलेल्या यादीत शरीराचा प्रत्येक तुकडा मोजला आहे. आजच्या यादीप्रमाणे एक हात गेला तर मिळकतीची शक्ती शेकडा साठ कमी झाली असे धरतात. अंगठा गेला तर तीस, तर्जनी चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर चाळीस. या शेकडेवारीवरून एकरकमी पैसे मिळतात आणि हिशेब मिटतो. यादीत माणूस कोठेच नाही. हात आहे, डोळा आहे, बोटे आहेत. ही रक्कम सावकाराचे देणे, मुलीचे लग्न, घराचे छप्पर यांत विरघळली की त्या माणसाने पुढे काय करावे, हे कायदा सांगत नव्हता. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, परंतु ही मोजदाद तशीच राहिली.

तजवीज कशी करतात हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली. पुढे ती खडकीला हलली. म्हणजे लढाईत पाय गेला तर नवे कसब, आणि गिरणीत गेला तर रोख रक्कम! अंध मुलांसाठी मुंबईत दादरला १९०० साली आणि ताडदेवला १९०२ साली शाळा निघाल्या होत्या, त्या धर्मादायाच्या बळावर. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची केंद्रीय संस्था उभी राहिली, १९५९ साली अपंगांसाठी देशातील पहिली खास रोजगार कचेरी मुंबईतच उघडली, आणि १९७७ साली केंद्र सरकारने खालच्या दोन श्रेणींतील शेकडा तीन जागा अपंगांसाठी राखून ठेवल्या. राखल्या त्या हुकुमाने. त्यांच्यापाठी कायदा नव्हता.

आता खाडीच्या या बाजूस येऊ. उरण तालुक्यातील या गावांत भातशेती, मिठागर आणि मासळी हाच संसार होता. आगरी-कोळी घरात कोणाला काय झेपते हे घरच्यांना ठाऊक असे. पाय अधू असला तरी हातांना काम असे. तेव्हा सारे सुखात होते, असे मात्र कोणी समजू नये. घरचे काम म्हणजे घरचा धाकही असे. पुढे नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. मागणी जमिनीच्या मोबदल्याची होती, पण मुळाशी होती ती चरितार्थाचीच. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले, आणि ज्या गावांत काम घरात वाटले जात असे तेथे भरतीच्या दारात वैद्यकीय तपासणी उभी राहिली.

बंदर सहा वर्षांचे झाले तेव्हा, १९९५ साली, संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा केला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. सरकारी आस्थापनांतील तीन टक्के आरक्षणाची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मते त्याचे खरे तेज सत्तेचाळिसाव्या कलमात होते. नोकरीत असताना जो अपंग झाला त्याला काढता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा निघेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे, असे ते कलम सांगत होते. एका निमलष्करी दलातील शिपायाचा पाय कापावा लागला आणि त्याला घरी बसविण्यात आले, तेव्हा २००३ साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पाळणे बंधनकारक असल्याचे बजावले. लोखंडे यांची पाचवी मागणी एकशेअकरा वर्षांनी कायद्यात उतरली ती अशी.

पण कोणासाठी उतरली? ते कलम सरकारी आस्थापनांपुरते होते. बंदराचे विश्वस्त मंडळ त्यात मोडत होते. कायदा लागू झाल्यापासून दीड वर्षाच्या आत, १९९७ च्या जुलैत, याच बंदरात देशातील पहिल्या खाजगी कंटेनर टर्मिनलचा करार झाला. पुढे दुसरे आले, तिसरे आले, आणि २०२२ साली बंदराचे स्वतःचे कंटेनर टर्मिनलही खाजगी चालकाकडे गेले. हे कोणी अपंगांना टाळण्यासाठी केले, असा आरोप आम्ही करीत नाही. कारणे भांडवलाची आणि वेगाची होती. परिणाम मात्र असा झाला की, कायद्याची छत्री उघडली आणि माणसे तिच्याखालून दुसरीकडे नेली गेली. २०१६ च्या नव्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले आणि अपंगत्वाचे प्रकार एकवीस मानले. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करावे, असा नियम त्यापाठोपाठ आला. पण आरक्षण आणि नोकरीत अपंग झालेल्याचे पद राखण्याचे बंधन ही दोन्ही पुन्हा सरकारी आस्थापनांवरच राहिली. खाजगीकडे पाच टक्के अपंग नेमले जावेत म्हणून सरकारने उत्तेजन द्यावे, एवढेच त्यात आहे. म्हणून एकाच बंदरात, एकाच धक्क्याजवळ, दोघांचे हात गेले तर प्राधिकरणाच्या कामगाराचे पद शाबूत राहते, आणि शेजारच्या टर्मिनलवरील कामगारापुढे येते ती शेकडा साठची यादी.

बंदर ही धोक्याची जागा आहे, तेथे अपंगांचे काय काम, असे कोणी म्हणेल. जहाजावर चढून पेट्यांचे सळईबंध आवळण्याचे काम प्रत्येकाचे नव्हे, हे मान्य. पण जुन्या मुंबई गोदीत पाठीवर गोणी वाहणारा हमाल आणि आजचे कंटेनर टर्मिनल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोणती पेटी आवारात कोठे ठेवावी, जहाजावर कोणत्या क्रमाने चढवावी, फाटकातून कोणती गाडी कधी सोडावी, हे सारे पडद्यासमोर बसून ठरते. जकातीची कागदपत्रे आणि पेट्यांच्या गोदामांचे हिशेब यांवर उरण-पनवेलच्या पट्ट्यात कितीतरी कचेऱ्या चालतात. या कामांना पाठ लागत नाही. लागतो तो उतार, रुंद दरवाजा, बोलणारा संगणक आणि कामगारांच्या बसला खालची पायरी.

१९९७ चा तो पहिला करार तीस वर्षांचा होता. त्याची मुदत २०२७ साली भरते. त्यापुढे ते टर्मिनल कोणाच्याही हाती गेले तरी अटी पुन्हा लिहाव्या लागतील. जागा सार्वजनिक बंदराची आहे, आणि देणाऱ्याला अट घालता येते. धक्क्याची लांबी, याऱ्यांची संख्या आणि महसुलातील वाटा यांच्या रकान्यांशेजारी आणखी एका रकान्याला जागा आहे. त्याचा मसुदा नव्याने करावयाचीही गरज नाही. तो १८८४ च्या अर्जात पाचव्या क्रमांकावर आहे.