वीरांचे मोठेपण कशाने मोजावे?

थोर पुरुषांची तुलना करण्याचा मोह मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. भीम मोठा की अर्जुन, शिकंदर मोठा की नेपोलियन, असे वाद मुलांच्या खेळात रंगतात आणि विद्वानांच्या सभेतही रंगतात. परंतु दोन वस्तू जोखावयाच्या तर तराजू एकच असावा लागतो. पुराणातील वीराचे सामर्थ्य कवी सांगतो; इतिहासातील वीराचे सामर्थ्य तहनामे, शिलालेख आणि खलिते सांगतात. भीमाच्या अंगी दहा सहस्र हत्तींचे बळ होते हे वचन आणि अमक्या सेनापतीपाशी इतक्या तोफा होत्या हा दाखला, यांची वजाबाकी करता येत नाही. मात्र ते बळ कोणासाठी वापरले आणि जय हाती आल्यावर वीर कसा वागला, हे दोन प्रश्न दोघांनाही सारखेच विचारता येतात. त्यांची परीक्षा पाहण्यास खानदेशची भूमी पुरेशी आहे.

जळगाव जिल्ह्यातील एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रानगरी, असे तेथील परंपरा मानते. हा मान सांगणारी गावे इतरत्रही आहेत. पण कथा सर्वत्र एकच. पांडव अज्ञातपणे एका ब्राह्मणाच्या घरी राहत होते. बकासुराकडे गाडाभर अन्नासह माणूस पाठविण्याची पाळी त्या घरावर आली, तेव्हा आश्रयाचे ऋण फेडण्यासाठी कुंतीने भीमास पाठविले. भीमाने राक्षस मारला, त्याचे प्रेत नगराच्या वेशीपाशी आणून टाकले आणि कोणी पाहण्यापूर्वीच तो निघून गेला. नगरास मुक्ती लाभली, पण मुक्तिदात्याचे नाव कळले नाही. भीमास राज्य मिळाले नाही, खंडणी नाही, जयघोषही नाही.

आता इतिहासाकडे वळावे. फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची सीमा जळगाव-धुळ्यापलीकडे पसरली होती. त्यांची राजधानी बऱ्हाणपूर आणि बलाढ्य अशीरगड ही दोन्ही स्थळे आज मध्य प्रदेशात असली तरी त्या राज्याचे ते मर्मस्थान होते. इ. स. १६०० मध्ये अकबर स्वतः तेथे येऊन ठेपला. हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ बादशहास हा एक डोंगरी किल्ला कित्येक महिने दाद देईना. अखेर सुलतान बहादुरशहा गडाखाली आला व अटकेत पडला, आणि जानेवारी १६०१ मध्ये गडाचे दरवाजे उघडले. गड फितुरीने पडला, द्रव्याने पडला की रोगराईने, याविषयी बखरकारांचे एकमत नाही. तटबंदी फोडून तो घेतला गेला नाही, इतके खरे. बादशहाने शाहजादा दानियालच्या नावावरून प्रांतास ‘दानदेश’ म्हटले आणि फत्तेपूर शिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर हा विजय कोरविला. शिलालेख आजही आहे. दानदेश हे नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकले नाही. १५६४ मध्ये जिझिया रद्द करणारा अकबर निःसंशय थोर होता. पण त्या थोरवीचा पुरावा अशीरगडावर शोधू नये.

तिसरे स्थळ तापीकाठचे थाळनेर, हे आजच्या धुळे जिल्ह्यात आहे. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्यानुसार किल्ले ताब्यात घेत सर टॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारी रोजी थाळनेरास आला, तेव्हा किल्ल्यातून तोफा सुटल्या. आत सुमारे तीनशेच शिबंदी होती. बाहेरचे दरवाजे पडल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. मात्र आतल्या दरवाज्यापाशी गोंधळ उडून दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदीची सरसकट कत्तल झाली आणि त्याच दिवशी किल्लेदारास फासावर चढविण्यात आले. धन्याने तह केल्यावर लढणे हे इमान की हट्ट, यावर वाद घालता येईल. त्या निर्धाराची किंमत तीनशे माणसांनी दिली, हेही विसरता येत नाही. पण शरण आलेल्यास फाशी देणे हे शौर्य नव्हे, याविषयी वाद नाही. १८१९ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटात विजयी सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा खुद्द इंग्रज सभासदांनीच या फाशीचा जाब विचारला. शिकंदराने झेलमच्या तीरी पराभूत पौरवास राज्य परत दिले, त्यास दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तोफा सुधारल्या तरी जेत्याचे मन सुधारतेच असे नाही.

भीम, अकबर आणि हिस्लॉप या तिघांनाही जय मिळाला. एकाने तो आपल्या नावे कोरविला, एकाने तो रक्ताने माखला आणि एकाने तो वेशीवर टाकून आपले नाव झाकून घेतले. मुलांनी ‘सर्वांत मोठा वीर कोण’ असे विचारल्यास वडीलधाऱ्यांनी मुलखाचे कोस मोजू नयेत. वीर येऊन गेल्यावर त्या गावातील दुबळा मनुष्य त्या रात्री निर्धास्त झोपला की नाही, एवढे विचारावे. या कसोटीवर पुराणातील भीम आणि इतिहासातील सेनापती यांची तुलना सहज होते, आणि तिचे उत्तर लहान मुलासही कळते.