बोस्टनची वर्गणी आणि पुण्याचे शारदा सदन

डिसेंबर १८८७. अमेरिकेतील बोस्टन शहरात काही मंडळी एकत्र येतात आणि एक विलक्षण संकल्प सोडतात. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, ज्यांची भाषा आपल्याला येत नाही, ज्यांचा धर्म आपला नाही, अशा हिंदू बालविधवांच्या शिक्षणासाठी पुढील दहा वर्षे दरसाल वर्गणी द्यायची. एकंदर हमी वर्षाला सुमारे ५,००० डॉलरची. संस्थेचे नाव ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’. या पैशाचे पुण्यात काय झाले आणि त्यावरून पुणे कसे पेटले, ती हकिगत आजच्या धाग्यात.

दूरदेशीच्या गरीब मुलाचा खर्च दत्तक घेतल्यासारखा उचलायचा, ही कल्पना आपण विसाव्या शतकातली समजतो. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ १९१९ सालची. स्पेनच्या यादवीतील मुलांसाठी निघालेली ‘प्लॅन’ १९३७ची. कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिलोनमधील जाफना येथे अमेरिकन मिशनच्या निवासी शाळा होत्या. तेथे मुलाचा वार्षिक खर्च देणाऱ्या अमेरिकन दात्याला त्या मुलाचे नाव ठेवण्याचा मान मिळे. एखादा तमिळ मुलगा शाळेत शिरे आणि न्यू इंग्लंडमधील कुणा पाद्र्याच्या नावाने बाहेर पडे. खर्च ज्याचा, नाव त्याचे. हा व्यवहार ध्यानात ठेवा, कारण रमाबाईंनी बोस्टनमध्ये जे मागितले ते याच्या नेमके उलट होते.

रमाबाई अमेरिकेत गेल्या त्या एका पदवीदानासाठी. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचे शिक्षणही एका अर्थी असेच दूरच्या आधारावर उभे होते. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने एका मासिकात त्यांच्यासंबंधीचा पत्रव्यवहार वाचला आणि त्यांना पत्र धाडले. पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले आणि पुढे ही भाची मावशीच्या घरीच उतरली. पुरुष डॉक्टरपुढे नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका येथे घरोघर होत्या. त्यांच्यासाठी आनंदीबाईंना डॉक्टर व्हायचे होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे तिचे स्मारक झाले.

त्याच वर्षी रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघाले. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची. या पुस्तकाच्या आणि व्याख्यानांच्या बळावर रमाबाईंनी अमेरिका पिंजून काढली. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सामान्य सभासदाची वर्गणी वर्षाला एक डॉलर, मुदत दहा वर्षे. मोठ्या थैल्यांपेक्षा या छोट्या, मुदतबंद वचनांवर सारा डोलारा उभा होता. (रुपया चांदीचा, आणि चांदीचा भाव उतरत चाललेला; त्यामुळे त्याच डॉलरचे रुपये पुढे पुढे अधिकच येत गेले. कोणत्याही वर्गणीदाराने मुद्दाम न केलेला हा उपकार.)

पण खरा मुद्दा अटीचा. रमाबाई स्वतः १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. तरी त्यांची शाळा मिशनची शाळा नव्हती. असोसिएशनमध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन. त्यांनी एक गोष्ट मान्य केली होती: शाळेत धर्मशिक्षण नाही, मुलीने आपला धर्म पाळावा, सोवळेओवळे सांभाळावे, स्वयंपाक तिच्या जातीच्या रीतीने व्हावा. पैसा आमचा, पण मुलगी तिचीच. त्या काळाच्या मानाने ही अट मोठी उदार होती. मात्र ती पाळणे किती कठीण, याचा अंदाज बोस्टनला नसावा. मुंबई-पुण्यालाही नव्हता.

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सभेच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर. आनंदीबाईंचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या त्याच ह्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक कोकणस्थ बालविधवा होती. तिचे नाव लक्षात असू द्या. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी वजनदार नावे. १८९०च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला आले. पुण्यात राहणी स्वस्त होती. टीका मात्र महाग पडणार होती.

तक्रार अशी. रमाबाई आपल्या खोलीत आपल्या मुलीसह, मनोरमेसह, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. ‘केसरी’चे म्हणणे, हे आडमार्गाने धर्मांतर आहे. रमाबाईंचे उत्तर, मी कुणाला बोलावत नाही. पण हिंदू घरातली आई देवपूजा करताना लेकरांना बाहेर हाकलते का? मी ज्यांना आईच्या जागी आहे, त्यांच्या तोंडावर दार कसे लावू?

या वादात एक बाजू शुभ्र आणि दुसरी काळी असे रंगवण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. पालकांनी ज्या वचनावर मुली सोपवल्या, त्या वचनाचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला होता. आठदहा वर्षांच्या पोरीने ‘स्वखुशीने’ प्रार्थनेला बसणे म्हणजे काय, हा प्रश्न रास्तच आहे. जिच्या हातून पोटाला अन्न आणि हातात पुस्तक मिळते, तिच्या खोलीचे उघडे दार हे नुसते उघडे दार राहत नाही. पण टीकाकारांची दुसरी बाजूही पाहा. त्याच विधवांचे केशवपन करून त्यांना माजघराच्या कोपऱ्यात बसवणाऱ्या समाजाने १८९३ पर्यंत पुण्यात त्यांच्यासाठी एकही वसतिगृह उभारले नव्हते. आश्रय परका म्हणून नाकारायचा, आणि आपला आश्रय द्यायचा नाही.

१८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडल्याचे जाहीर केले. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिले आणि वर्गणी थांबली नाही. संस्था टिकली, परत नेलेल्या मुलींचे शिक्षण मात्र तुटले. त्या मुलींना काय वाटले, हे विचारण्याची तसदी वादातील दोन्ही पक्षांच्या लेखणीने फारशी घेतलेली दिसत नाही.

मग दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने गेली होती. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १८९६-९७ साली त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुलीबायका घेऊन परतल्या. त्यांची संख्या सुमारे ३०० झाली. इकडे पुण्यात प्लेग शिरला होता. एवढी नवी माणसे शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावला आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. ‘मुक्ती’ची वस्ती तेथे उभी राहिली ती अशी, निम्मी दुष्काळामुळे आणि निम्मी प्लेगमुळे.

प्लेगच्या सरकारी इस्पितळांविषयी आज आपण रँडच्या संदर्भात वाचतो. पण मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला रमाबाईंनी लिहिलेले पत्र फारसे कुणाला ठाऊक नसते. आपल्याकडील एका मुलीची त्या व्यवस्थेत झालेली परवड त्यांनी उघड मांडली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटात निघाले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. फुकट औषधोपचार देणाऱ्याला जाब विचारता येतो का, या प्रश्नाचे रमाबाईंचे उत्तर ‘होय’ असे होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर तुटून पडलेली पुण्याची वृत्तपत्रे आणि त्या स्वतः, या एका बाबतीत एकाच बाजूला होत्या.

१८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, असोसिएशनची नव्याने घडी बसली आणि सदनाची मालमत्ता रमाबाईंकडे आली. जुनी अट आता उरली नव्हती. केडगावचे ‘मुक्ती’ हे उघडपणे ख्रिस्ती आश्रयस्थान होते आणि त्याला पैसाही बहुतांशी श्रद्धावान ख्रिस्ती दात्यांकडून, अनेक देशांतून येऊ लागला. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी सुरू केलेले ब्रेलचे वर्ग. एवढा पसारा वर्षाला एक डॉलर देणाऱ्या सर्कलांना झेपला नसता, हेही खरे.

त्याच सुमारास नगरकडे याच कल्पनेचे आणखी मोठे रूप दिसते. न्यूयॉर्कचे ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे साप्ताहिक आपल्या वाचकांना हिंदुस्थानातील दुष्काळी अनाथांचा वार्षिक खर्च उचलण्याचे आवाहन करीत होते. ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून १९०० साली अमेरिकन मका मुंबईस आला. वाटपाच्या कामात अहमदनगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम अग्रभागी होते. मुंबईतच जन्मलेले हे गृहस्थ मराठी चांगले जाणत. तेथे मात्र धर्माविषयी तटस्थतेची अट वगैरे भानगड नव्हती.

आता गोदूबाईंकडे वळू. सदनाविषयीचा वाद ऐन रंगात असताना, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात त्यांचा पुनर्विवाह झाला. वर होते फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. सदनाचा वर्धापनदिन आणि हा विवाह एकाच तारखेचे. कर्व्यांनी सदनाची ताकद पाहिली होती आणि ते कशावर फुटले हेही पाहिले होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. वर्गणी येथल्याच लोकांची, चार-आठ आण्यांचीही. आणि आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने! रमाबाईंना जे दार लावता आले नाही, ते कर्व्यांनी आपल्या हाताने लावले. याला कुणी तडजोड म्हणेल. माझ्या मते शारदा सदनाच्या इतिहासाचे पुण्यातले ते सर्वांत बारकाईने केलेले वाचन होते.

गोदूबाई, म्हणजे आता आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, यांनीही पुढे आश्रमासाठी झोळी घेऊन वर्गणी जमवली. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली हकिगत सांगितली आहे. आणि १९३०च्या सुमारास वृद्ध कर्वे महिला विद्यापीठासाठी निधी मागत युरोप, अमेरिका, जपान हिंडून पूर्व आफ्रिकेत पोचले. तेथे मोंबासा-नैरोबीच्या हिंदी दुकानदारांनी, ज्या मुली आपण कधी पाहणार नव्हतो त्यांच्या शिक्षणासाठी, त्यांच्या वहीत आपापले आकडे घातले.