विश्रामबागेचे खांब आणि आमच्या पांच पटाश्या

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत पाद्रीबोवांनीं सुतारकामावर कां लिहावें, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील. त्याचें कारण आमच्या ख्रिस्तमंदिरांत सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. वेदीजवळचें नवें वाचनपीठ आमच्याच तरुणांनीं कोरावें, यंत्रावर कापलेली तयार नक्षी त्यास चिकटवूं नये, असा ठराव ज्युबिली कमिटीनें केला. ती सूचना आम्हींच मांडलेली असल्यामुळें पुढें जें घडलें त्याचा जबाबही आम्हींच दिला पाहिजे.

आरंभींच आमची चूक कबूल करितों. एका दुकानांतून आम्हीं बारा पटाश्यांची सुबक पेटी विकत आणिली. मुठी चकचकीत, आंत मखमलीचें अस्तर. परंतु एकाही पात्यास धार नव्हती, आणि लाविली तर ती सागवानावर चार घावही टिकत नसे. मुलांच्या हातीं बोथट हत्यारच बरें, अशी आमची समजूत होती. तिसऱ्याच दिवशीं एका मुलाची पटाशी नेटानें रेटतांना घसरली व त्याच्या डाव्या आंगठ्यास तीन टांके पडले. धारेचें हत्यार जेथें लावावें तेथेंच कापतें; बोथटास जोर लागतो, आणि जोर लाविलेला हात कोठें जाऊन थांबेल याचा नेम नसतो. ही गोष्ट आम्हांस त्या मुलाच्या आईनें जरा कडक शब्दांतच समजावून दिली. त्या बाई सुताराच्या कन्या आहेत, हें आम्हांस तोंपर्यंत ठाऊक नव्हतें.

त्यानंतर पेटी बंद करून आम्ही मुलांस सदाशिव पेठेंत घेऊन गेलों. पानिपतावर १७६१ सालीं पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवानें ही पेठ ओळखिली जाते. दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबाग वाडा तेथेंच आहे. इ. स. १८०७ च्या सुमारास, दोन लक्ष रुपये खर्चून तो बांधिला गेला. धन्यास तो फार काळ लाभला नाहीं. १८१८ सालीं पेशवाई संपली, आणि १८२१ सालीं त्याच वाड्यांत इंग्रज सरकारानें संस्कृत पाठशाळा उघडली. शनिवारवाड्याचें लांकूडकाम १८२८ च्या आगींत गेलें. तेथें आज तट आणि जोतीं तेवढीं उरलीं आहेत. विश्रामबागेसही १८७९ सालीं आग लागून पूर्वेकडील भाग जळाला; परंतु पुणेकरांनीं वर्गणी जमविली, नगरपालिकेनें भर घातली, आणि तो भाग पुन्हां उभा राहिला. जळालेल्या नक्षीसाठीं लोकांनीं पदरचे पैसे दिले, ही गोष्ट आमच्या वर्गणीदारांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी!

त्या वाड्याच्या खांबांस सुरूचे खांब म्हणतात, कारण त्यांचा घाट सुरूच्या झाडाप्रमाणें वर निमुळता होत जातो. माथ्यावर केळफुलाचा आकार, आणि खांबांमध्यें नक्षीदार महिरपी. मुलें भांबावून गेलीं. "फादर, हें आमच्यानें जन्मांत होणार नाहीं," असें एकजण म्हणाला. तेव्हां आम्हीं त्यांस महिरप नीट निरखावयास सांगितलें. दगडी कमान स्वतः भार वाहते. वाड्यांतील लांकडी महिरपीकडे तें काम नसतें. भार खांबांवर, हस्तांवर आणि तुळयांवर असतो, व महिरप ही त्यांच्या खालीं बसविलेली कोरीव फळी असते. म्हणजे कारागिरास वर चढून, मान मोडून कोरण्याचें कारण नाहीं. फळी पुढ्यांत घेऊन बसावें, रेखाटावें, कोरावें आणि मग ती जागेवर बसवावी. दुसरें असें कीं, दुरून जी नक्षी अपार वाटते ती जवळून पाहतां एकाच पाकळीची पुनरावृत्ति असते. ज्यास एक पाकळी साधली त्यास पट्टी साधली.

हें शास्त्र परक्याचें, असें आमच्या ख्रिस्ती वाचकांनीं समजूं नये. गोव्यांतील चर्चांच्या सोनेरी मुलाम्याच्या वेद्या व प्रवचनपीठें ह्याच भूमीच्या कारागिरांनीं घडविलीं. १५६७ सालीं गोव्यांत भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनें ख्रिस्ती मूर्ति व चित्रें हिंदु कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, यावरूनच तें काम कोणाकडे जात असे हें उघड होतें. आम्हांस तरी ती मनाई वाचतांना संकोच वाटतो. कारण पुण्यांतील पहिलें ख्रिस्तमंदिर उभें राहिलें तें सवाई माधवरावांनीं १७९२ सालीं दिलेल्या जागेवर. ही विद्या बापाकडून मुलाकडे जात आली. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेस १८९१ सालीं लॉर्ड रे यांच्या नांवाच्या कर्मशाळा जोडल्यावर शाळेंतही कारागिरीचें शिक्षण मिळूं लागलें.

आतां हत्यारें. त्या बाईंच्या सल्ल्यानें आम्हीं बारांऐवजीं पांचच घेतलीं, आणि त्यांस त्या पेटीहून अधिक पैसे पडले. सपाट पटाश्या दोन, एक अर्ध्या इंचाची व एक पाव इंचाची. गोल पटाश्या दोन, एक उथळ व एक खोल. आणि पांचवी कोनी, म्हणजे जिच्या दोन पात्यांचा मिळून कोन होतो ती. शेफील्डच्या कारखानदारांनीं पटाश्यांस बांकाप्रमाणें क्रमांक दिले आहेत: तीन म्हणजे जवळजवळ सपाट, नऊ म्हणजे अर्धवर्तुळ. एवढें ठाऊक असलें म्हणजे दुकानदार फसवूं शकत नाहीं. हातोडा लांकडीच असावा. लोखंडी हातोडीनें मुठी फुटतात. काम शिकंज्यांत घट्ट धरावें, आणि दोन्ही हात सदैव पात्याच्या मागें असावे. सर्वांत मोठा खर्च मात्र निसण्याचा करावा. दर अर्ध्या तासानें धार निसण्यावर व नंतर चामड्याच्या पट्ट्यावर ओढावी.

लांकडाविषयीं एवढेंच, कीं सागवान वाळवीस दाद देत नाहीं म्हणून वाड्यांत त्याचा मान. परंतु त्याच्या अंगीं वाळूसारखा बारीक अंश असतो व तो धार लवकर मारतो. नवशिक्यानें शिवणीच्या मऊ फळीवर हात बसवावा. शिसवीच्या वाटेस वर्षभर जाऊं नये.

पाकळी अशी करावी. फळीवर दोन समांतर रेघा ओढून मधली जागा कर्कटकानें सारख्या भागांत वांटावी. गोल पटाशी उभी धरून एक घाव द्यावा. नखासारखी खूण उमटते. मग तीच पटाशी समोरून तिरपी आणीत त्या खुणेपर्यंत लांकूड उचलावें. ढलपी आपोआप सुटते आणि मागें पाकळी राहते. ढलपी सुटली नाहीं तर पहिला घाव उथळ पडला असें समजावें. ती ओढून काढूं नये. वेलपत्ती करावयाची असल्यास कडेनें कोनी पटाशीनें रेघ मारून बाहेरची जमीन थोडी खालीं उतरवावी. जमीन खडबडीत राहिली तर टोंक बोथट केलेल्या खिळ्यानें तिच्यावर दाट ठिपके द्यावे. खडबड झांकते व नक्षी उठून दिसते.

वाचनपीठाच्या उजव्या अंगास बावीस पाकळ्या आहेत. त्यांपैकीं सातवी वांकडी आहे. आंगठ्यास टांके पडलेल्या मुलाची ती पहिली पाकळी. ती भुश्यानें व सरसानें भरून पुन्हां कोरावी, अशी सूचना कमिटींत आली होती. आम्हीं ती मान्य केली नाहीं. डावें अंग अद्याप कोरें आहे. पटाश्या सॅक्रिस्टीच्या कपाटांत, खालच्या खणांत, तेलाच्या फडक्यांत गुंडाळून ठेविल्या आहेत. शनिवारीं सायंकाळीं चार वाजतां काम चालतें. येणाऱ्यानें शिवणीचा एक तुकडा आपला आणावा.