पूर ओसरल्यावर

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर महापुराची हकीकत वाढणे कुणाला रुचणार नाही, हे मी जाणतो. पण आम्ही सातपूरकर गंगापूर धरणाच्या शेजारचे. १९६५ साली पुरे झालेल्या या मातीच्या धरणातून पावसाळ्यात पाणी सोडले, की वर्गातली मुले हमखास विचारतात, "गुरुजी, मारुतीला कुठवर पाणी आलं?" गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावर नाशिकचा पूर मोजायचा ही आमची जुनी रीत. चढते पाणी मोजणारे पुष्कळ भेटतात. ते ओसरल्यावर काय करायचे, हा धडा पुण्याने १९६१ साली गिरवला. तोच मी मुलांना सांगतो.

अंबी नदीवरचे पानशेतचे धरणही मातीचेच. त्याचे काम पुरते संपलेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात, खचत चाललेल्या बांधावर पोती रचत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही गेले. नदीकाठच्या पेठा, पुलाची वाडी, डेक्कन जिमखाना जलमय झाला. लकडी पूल दिसेनासा झाला. वेळ दिवसाची होती म्हणून पुष्कळांचे प्राण वाचले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक दिली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकरांना घेऊन माणसे पर्वतीकडे धावली.

पाणी उतरले, मागे चिखल उरला. खडकवासला फुटल्यामुळे नळ कोरडे पडले. काल ज्या शहरात घरे बुडाली, तिथे आज प्यायला पाणी नाही! तेव्हा विस्मरणात गेलेले आड, विहिरी आणि पेशवाईतले हौद उपयोगी पडले. शाळांचे वर्ग बेघरांची बिऱ्हाडे झाली. विद्यार्थ्यांनी दप्तरे बाजूला ठेवून घमेली-फावडी उचलली. ज्यांची घरे वाचली, त्यांच्या चुलीवर दुप्पट भात शिजू लागला.

पण स्वयंसेवकाचा उत्साह पंधरवड्याचा, आणि बेघराचे बेघरपण वर्षांचे. शाळांना आज ना उद्या मुलांसाठी उघडावेच लागते. मग वर्गातल्या बिऱ्हाडांनी जायचे कुठे? पुनर्वसनाचे काम सरकारने स. गो. बर्वे यांच्यावर सोपवले. पुणे महापालिकेचे हे पहिले आयुक्त. शहराची गल्लीन् गल्ली त्यांना ठाऊक. गोखलेनगरात अर्धगोल निसेन हट उभ्या राहिल्या, पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती वसल्या. तात्पुरता म्हणून घेतलेल्या आसऱ्यात मुलांची लग्ने झाली, नातवंडे रांगली. पूरग्रस्तांच्या घरांच्या मालकीचा प्रश्न मात्र कित्येक दशके रेंगाळत राहिला.

पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. तेव्हाही किनाऱ्यावरची माणसे हलवली ती गावोगावच्या शाळांतच. शिवाय साथीचे दिवस, एका खोलीत दाटीने बसायचीही धास्ती. आपत्ती पाण्याची असो वा वाऱ्याची, माणूस शेवटी शाळेच्या पायरीशी येतो.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी मी मुलांना तीन गोष्टी विचारतो. शाळेची किल्ली रात्री कुणाकडे असते? आपल्या आळीतली कोणती विहीर अजून पिण्याजोगी आहे? आणि शाळेत आसऱ्याला आलेले कुटुंब महिन्याने कुठे राहत असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले चटकन देतात. तिसऱ्याला वर्ग गप्प होतो. त्याचे उत्तर आपणा थोरांकडे तरी तयार आहे काय?