कोंकणी घराची ओटी आणि वास्तुविद्या

कोथरूडास आज बंद मजल्यांवर राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज कोंकणांतून घाट चढून आले. त्यांच्या दप्तरांतून जुनीं वाटणीपत्रें व गहाणखतें निघतात. असा कागद हातीं आला म्हणजे नकल करणारा नांवें व शक उतरून घेतो. ओटी, पडवी, खळें, विहीर, माड, पोफळी हा तपशील मात्र गाळतो. आम्हींही पूर्वीं हा दोष केला आहे. हा तपशील गाळणें म्हणजे घराचा अर्थच गाळणें होय, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायांत सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक व रुचक हे गृहप्रकार अलिंदांच्या, म्हणजे भिंतीबाहेरील सोप्यांच्या, रचनेवरून सांगितले आहेत. यावरून कोंकणांतील ओटी-पडवी शास्त्रांतूनच आली असें म्हणण्याचा मोह संस्कृतज्ञास होतो. परंतु त्याच अध्यायांत घराजवळचीं कांटेरी झाडें शत्रुभय, चिकाचीं अर्थनाश व फळझाडें प्रजाक्षय करितात असें म्हटलें आहे. झाडें तोडावयाचीं नसल्यास मधून मधून पुन्नाग, अशोक, बकुळ, फणस इत्यादि लावावे, अशी सवलत आहे खरी. पण माडाचें व पोफळीचें नांव त्या यादींत नाहीं. कोंकणी घर तर माडांच्या सावलींतच उभें असतें! तेव्हां त्याचें मूळ ग्रंथांत न शोधतां पावसांत व उपजीविकेंत शोधिलें पाहिजे.

कोंकणपट्टींत वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यास सुमारें ७००. तेथील भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. हा दगड खाणींत मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं मलबारांत अशाच दगडाचें वर्णन करून त्यास ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. भिंतीस झड लागूं नये म्हणून छप्पर उतरतें करून पडवीवर खालपर्यंत आणितात. पाऊस पडवीनें झेलावा व माजघर कोरडें राहावें, अशी ही योजना. पावसाळा सरला कीं अंगण चोपून सारवितात, वर मांडव घालितात, आणि सुपारी तेथेंच वाळते. विहिरीचें पाणी रहाटानें चढून पाटानें पोफळींस जातें. न्हाणीचें सांडपाणी केळींस पुरतें. सारांश, घर दाराशीं संपत नाहीं. तें वाडीच्या गडग्यापर्यंत पसरलेलें असतें. वाटणीपत्रांत खोल्यांबरोबर झाडें मोजण्याचें कारण हेंच.

याच्या उलट उदाहरण पुण्याचेंच घ्यावें. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे. परंतु १७३० मध्यें आरंभ होऊन १७३२ मध्यें ज्याची वास्तुशांति झाली, त्या शनिवारवाड्यास बाहेरून तट व बुरूज आहेत. मोकळें आकाश, झाडें व कारंजीं हीं सर्व आंत. घाटावर पाऊस थोडा व दरबारास बंदोबस्त अवश्य, म्हणून श्रीवर्धनास जें अंगण घरापुढें होतें तें येथें चौक होऊन घराच्या पोटांत आलें. माजघर, देवघर हे शब्द दोहींकडे तेच राहिले, पण घराचें तोंड फिरलें. केवळ शब्दसाम्यावरून पुण्याच्या वाड्याचा नकाशा कोंकणच्या कागदावर लादणें म्हणूनच चुकीचें आहे.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन व दापोली तालुक्यांत घरांचीं छपरें उडालीं आणि माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावितां येते, पण फळास येण्यास वर्षें लागतात. आणि मोडलेल्या जुन्या घराच्या जागीं तसेंच घर क्वचितच उठतें. जेथें घरही नाहीं व झाडेंही नाहींत, तेथें वाटणीपत्रांतील त्या कंटाळवाण्या ओळी हाच पुरावा उरतो.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, घराचा तपशील अक्षरशः उतरावा, शब्दांचे अर्थ त्या घरांतील वृद्धांस विचारून ठेवावे, आणि वास्तु उभी असल्यास तिचा मोजमापासह नकाशा नकलेस जोडावा. वृद्ध मंडळी दिवसेंदिवस कमी होत आहेत. विलंब परवडणारा नाहीं.